थोरल्या बाईंचं माहेर

आमच्या घराण्याच्या छापील कुलवृत्तांतात आजोबांच्या नावापुढे मजकूर आहे तो असा : 'प्रथम संबंध अल्पायुषी. द्वितीय संबंध'. मग माझ्या आजीचं सासरचं नाव, माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं गाव, तिची पाच अपत्यं, त्यांची लग्नं, नोकऱ्या. आजीला अर्धं पान मिळालं आहे. तिच्या आधी त्याच घरात सहा वर्षं नांदलेल्या मुलीला तीन शब्द मिळाले, आणि त्या तीन शब्दांत तिचं नाव नाही.

ती होती हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, कारण आजीच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली बोटाच्या पेराएवढा चांदीचा टाक असे. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. टाकावर बाईची आकृती होती. वर्षानुवर्षं अंगावर घासून तिचा चेहरा पुसून गेला होता. 'हा कुणाचा?' विचारलं की आजी म्हणे, 'थोरल्या बाईंचा.' भाद्रपदात अविधवा नवमीला ती न चुकता एका सवाष्णीला जेवायला बोलावी, ओटी भरी, आणि तेव्हाही एवढंच म्हणे, 'आज थोरल्या बाईंचं आहे.' नाव तिलाही माहीत नव्हतं. जिचा टाक तिने साठ वर्षं छातीशी वागवला, तिचं नाव तिला कुणी सांगितलं नाही, आणि नव्या सुनेने ते विचारायची पद्धत नव्हती.

गेली चार वर्षं मी थोरल्या बाईंना शोधते आहे. या शोधात जे दिसलं ते आमच्या एका घरापुरतं असतं तर लिहायला बसले नसते. तरुणपणी गेलेल्या बाईचा माग लागत नाही याचा दोष आपण काळाला, पावसाला आणि वाळवीला देतो. तेवढंच कारण नाही. आपण नोंदी ज्या रीतीने ठेवल्या आणि आज त्या ज्या रीतीने संगणकावर चढवतो आहोत, त्या रीतीतच तिला जागा नाही. सासरच्या वंशवृक्षावर तिची फांदी नाही, कारण तिला मूल झालं नाही किंवा झालं ते जगलं नाही. माहेरच्या वंशवृक्षावर तर मुलीच नाहीत. दोन्ही कुळांनी तिला एकमेकांच्या हवाली केलं आणि मधल्या मध्ये ती हरवली. हे दुरुस्त करता येण्यासारखं आहे, आणि ते घराण्यांनी आणि सरकारने दोघांनीही करायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

शोध सुरू केला तेव्हा आत्या म्हणाली, 'अगं, तिला कशाला उठवतेस आता?' आत्याच्या शब्दांत भीती होती आणि ती भीती तिच्या एकटीची नाही. बाळंतपणात गेलेल्या बाईची आपल्या लोकसमजुतीने अळवंत केली, हडळ केली. दुसरी बायको आजारी पडली की 'पहिली लागली' म्हणायचं, आणि तसं होऊ नये म्हणून टाक घालायचा. आजीच्या टाकामागे माया होतीच, पण मुळात त्या रीतीची सुरुवात भयातून झाली हे मी नाकारत नाही. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. चारशे पानांच्या छापील ग्रंथाने जिला तीन शब्दांत उडवलं, तिला एका टाकाने आणि एका नवमीने शंभर वर्षं धरून ठेवलं. महालयाच्या पितरांच्या यादीत सापत्नमातेला स्वतंत्र जागा आहे. माझे वडील पितृपक्षात तिला पाणी देत. गुरुजींनी नाव विचारलं की मात्र ते गप्प होत. विधीने तिच्यासाठी जागा राखली होती, त्या जागी घालायला घराकडे नाव नव्हतं.

पहिला धागा माळ्यावर सापडला. एका पितळी घागरीच्या गळ्याशी ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालायची आपली जुनी सवय. नाव अर्थात देणाऱ्याचं : मुलीच्या बापाचं, आडनावासकट, आणि पुढे गाव. आजीच्या माहेरचं ते आडनाव नव्हतं. म्हणजे घागर थोरल्या बाईंबरोबर आली होती.

दुसरा धागा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. गावच्या जन्म-मृत्यूची नोंद ज्यात होई ती गाव नमुना चौदाची पुस्तकं, ज्यांना सगळे कोतवाल बुक म्हणतात, तिथे कापडात बांधून ठेवलेली असतात. जुनी पुस्तकं मोडीत आहेत, म्हणून मोडी वाचणारे एक गृहस्थ बरोबर नेले. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला ऑक्टोबर १९१८ च्या पानावर त्यांचं बोट थांबलं. आजोबांचं नाव, त्यापुढे 'याची बायको', वय १७, कारण ताप.

जुन्या दप्तरात बाईच्या नावापुढे 'कोम' लिहून नवऱ्याचं नाव लिहीत. कोम म्हणजे अमक्याची बायको. निदान त्यात आधी तिचं नाव तरी येई. इथे लिहिणाऱ्याने तेवढीही तसदी घेतली नव्हती. त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण ते पान मी पूर्ण पाहिलं. एरवी महिन्याला तीन-चार मृत्यू असणाऱ्या त्या गावात त्या एका महिन्यात नोंदी पानामागून पान चालल्या आहेत. एकाच दिवशी एका घरातले तिघं. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. तो मानमोडीचा ताप होता, १९१८ च्या साथीचा इन्फ्लुएंझा. त्याने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली. १९११ ते १९२१ हे विसाव्या शतकातलं एकमेव दशक, ज्यात इथली लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. एरवीची साथ म्हातारे आणि तान्ही मुलं नेते. हिने ऐन उमेदीतली माणसं नेली, आणि आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. घरातल्या आजारी माणसांचं करायचं, त्यातच स्वतः आजारी पडायचं आणि आपलं करायला कुणी नाही, अशी ती गत. गरोदर बायकांना तर त्या तापातून उठणं फार कठीण होतं.

आमच्या घरात सांगत आले ते असं की थोरल्या बाई बाळंतपणात गेल्या. दप्तर म्हणतं ताप. दोन्ही खरं असू शकतं. पण शंभर वर्षं आमच्या घराने तिचा मृत्यू बाईच्या नशिबाचा भाग म्हणून सांगितला आणि तो इतिहासातल्या एका मोठ्या आपत्तीचा भाग होता हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. महाराष्ट्रात जुन्या घरांच्या वंशावळी काढून बसा आणि १९१८-१९ च्या सुमारास दुसरं लग्न केलेले पुरुष मोजा. आमच्या एकट्या कुलवृत्तांतात मला असे सात सापडले. सात प्रथम संबंध, सातही अल्पायुषी, पाच जणींची नावं नाहीत. जे आजोबा-पणजोबा साथीत गेले त्यांच्यापुढे मात्र 'मानमोडीत निधन' असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

आता नावाविषयी. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत शोधणाऱ्याच्या वाटेतली सगळ्यांत मोठी भिंत आहे. आनंदीबाई जोशींचंच पाहा. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या कल्याणच्या त्या मुलीचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि यमुनेची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, तेव्हा बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तीही अल्पायुषी, तीही निपुत्रिक. तिच्याबद्दल आज इतकं माहीत आहे ते तिने स्वतः पत्रं लिहिली म्हणून आणि लोकांनी ती जपली म्हणून. तिच्या अस्थी अमेरिकेत पोकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. तिने मावशी मानलेल्या परक्या बाईच्या घरच्यांच्या ओळीत तिच्या नावाचा दगड आहे. आडनाव वेगळं, धर्म वेगळा, देश वेगळा, तरी त्या घराने तिला आपल्या माणसांत मोजलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्यासमोर आमचा कुलवृत्तांत उघडा होता, आणि मला रडू आलं.

थोरल्या बाईंना लिहिता येत असेल असं वाटत नाही. त्यांचं काही असलंच तर ते जात्यावर गेलं. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचं एक लाखाहून मोठं संकलन झालं आहे, आणि त्यात माहेर किती आहे, भाऊ किती आहे, आईबाप किती आहेत! बायकांनी आपलं कुळ गाऊन जपलं. पण कागदाची वंशावळ पुरुषांची आणि गाण्याची बायकांची अशी वाटणी झाली आणि जाती बंद पडल्यावर बायकांकडची अर्धी वंशावळ गेली. कोल्हापूर-सांगलीकडे घरोघर येऊन वंशावळ वाचणारे हेळवी, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, यांची मला फार किंमत आहे. ज्या घरांना छापील कुलवृत्तांत कधीच परवडला नाही त्यांच्या पिढ्या हेळव्यांनी जपल्या. पण तिथेही बापाकडून मुलाकडे असाच धागा जातो. त्याच नाशिकच्या लेण्यांत बाप नव्हे, आई सांगून ओळख देणारे राजे कोरलेले आहेत : गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. तिसऱ्या लेण्यातला लांबलचक लेख तर गौतमी बलश्री या राजमातेचा आहे. सातवाहनांचं राज्य काही मातृसत्ताक नव्हतं, तेव्हा त्यावरून भलतं अनुमान काढायचं नाही. आईचं नाव लावल्याने बापाचा वंश तुटत नाही, एवढं मात्र त्या दगडावरून दिसतं.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या कागदपत्रांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम सक्तीचा केला. मला हा निर्णय मनापासून आवडला. पण तो पुढच्या पिढ्यांसाठी आहे. मागच्या पिढ्यांतल्या बायका, त्यातही ज्यांना मूलच नव्हतं, त्यांचं नाव लावायला कुणी नाही.

आणि मागे वळून पाहायची ताकद सरकारकडे नाही असं आता कुणी म्हणू शकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहता पाहता जिल्ह्याजिल्ह्यांत कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या उघडल्या गेल्या, मोडी वाचणारे शोधून आणले गेले, पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. आरक्षणाच्या प्रश्नावर मला इथे काही म्हणायचं नाही. माझं बोट दुसरीकडे आहे. जातीचा रकाना वाचण्यासाठी जी पानं उघडली, त्याच पानांवर, त्याच ओळीत, मेलेल्या बायकांचं वय आहे, तारीख आहे, कारण आहे, कधीकधी नावही आहे. वाचणाऱ्याची नजर त्या ओळीवरून गेली आणि एकच शब्द उचलून पुढे सरकली. त्याला तेवढंच काम दिलं होतं. जात पडताळणीला जोडायच्या वंशावळीतही बापाकडचे नातेवाईक येतात, त्यामुळे बाईच्या नोंदीची कचेरीला गरज पडत नाही.

मागणी म्हणून सांगायचं तर माझी फार मोठी नाही. जी पानं स्कॅन झाली आहेत त्यांची सूची करताना मृत बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावाखाली लावा. नाव नसेल तर 'नाव नाही' असं लिहा, पण ओळ सोडू नका. तिचं वय आणि कारण हे शोधता येण्याजोगे रकाने ठेवा. शंभर वर्षांपूर्वीच्या मृत्यूंची पानं कुणालाही घरबसल्या पाहता यावीत. मोडी वाचणारी पिढी थकत चालली आहे. आमच्याबरोबर आलेले गृहस्थ ऐंशीच्या घरात आहेत. हे काम दहा वर्षांनी करू म्हटलं तर पानं असतील आणि वाचणारे विरळा होतील.

घरच्यांकडून येणारा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं काम पाहणाऱ्या चुलतभावाला मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, 'ताई, तिच्यापासून वंश चालला नाही. आपण वंशाचं पुस्तक काढतोय.' दादागिरी नव्हती त्यात. त्याला खरंच तसं वाटतं, आणि बहुतेकांना तसंच वाटतं.

मी त्याला म्हटलं, ऑक्टोबर १९१८ मध्ये ती वाचली असती तर पुढच्या वैशाखात आजोबांचं दुसरं लग्न झालं नसतं. आजी या घरात आली नसती, तुझे वडील नाहीत, माझे नाहीत, हे पुस्तक काढायला तू नाहीस. आपला वंश तिच्या पोटी चालला नाही हे खरं, पण तिच्या जाण्यावर चालला. सतरा वर्षांची मुलगी गेली आणि तिच्या रिकाम्या जागेत आपण सगळे जन्मलो. तिचं आपल्याशी रक्ताचं नातं नाही म्हणून तिला वगळायचं, तर आपल्या असण्याचं पहिलं कारणच वगळलं जातं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या एका नातेवाइकांची अडचण मी समजू शकते. अकाली गेलेल्या प्रत्येक बाईला ताप आलेला नसतो. जुन्या घरांत 'विहिरीत पाय घसरला' अशी नोंद असते आणि पाय घसरला नव्हता हे सगळ्यांना माहीत असतं. आज लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीने गेली तर चौकशी कायद्याने होते. १९८३ मध्ये तशी तरतूद झाली. बाळंतपणात बाई गेली तर आता त्याचीही चौकशी होते, मातामृत्यू मोजले जातात. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ते ३३ होते. ही चौकशी सुरू व्हायच्या आधीच्या बायकांसाठी कुणी काही विचारलं नाही. आता शंभर वर्षांनी कुणाला शिक्षा करायची नाही. पण 'घराची अब्रू' म्हणून तिचं नावच काढून टाकायचं, हे तिला दुसऱ्यांदा विहिरीत ढकलणं आहे. कारण लिहायला मन धजत नसेल तर लिहू नका. नाव, माहेर आणि वय लिहा.

शोधायचं कसं, हेही सांगायला हवं, कारण इथेच बहुतेकांची वाट चुकते. आपण खाली शोधतो : मुलगा, नातू, पणतू. मूल नसलेल्या बाईच्या खाली कुणी नसतं. तिला आडवं शोधायचं. तिच्या बहिणी शोधायच्या, बहिणींच्या मुली, त्या मुलींच्या मुली. शरीरही हेच सांगतं. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून मुलांना मिळतो आणि पुढे फक्त मुलीच तो पोचवतात. सतराव्या वर्षी निपुत्रिक गेलेल्या मुलीच्या अंगात जो होता तोच तिच्या बहिणीच्या मुलीच्या मुलीत आजही जिवंत आहे. तरुण मृत्यूंचा माग ठेवण्यात वैद्यकीय शहाणपणही आहे. काही आजार घराण्यात उतरतात, आणि डॉक्टर घरातल्या आजारांचा इतिहास विचारतात तेव्हा आपण बापाकडचंच सांगतो. आईकडच्या कोण आत्या-मावशा तिशीच्या आत गेल्या आणि कशाने, हे सांगता येत नाही.

असं आडवं शोधत मी घागरीवरच्या गावी पोचले. ते घर आता तिथे नाही, पण गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी एका नातीचा पत्ता दिला. थोरल्या बाईंच्या धाकट्या बहिणीच्या मुलीची मुलगी. वय ७८. मी तिला सगळं सांगितलं, घागरीचा फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, 'आमची आजी म्हणायची, आम्ही चौघी बहिणी. ताई तापात गेली.' मी विचारलं, 'ताईचं नाव?' ती म्हणाली, 'आजी ताईच म्हणायची.'

सासरी थोरल्या बाई, माहेरी ताई.

मग त्या गावच्या कोतवाल बुकातल्या जन्मनोंदींच्या नकला काढल्या. घागरीवरच्या त्या गृहस्थांच्या नावापुढे मला तीन नोंदी मिळाल्या : १९०३, १९०६ आणि १९१०. तिन्ही ठिकाणी 'मुलगी' एवढंच लिहिलेलं आहे आणि नावाचा रकाना मोकळा आहे. बहिणी चार होत्या. १९०३ ची मुलगी ताई असेल तर ती गेली तेव्हा १५ वर्षांची होती आणि सासरच्या दप्तराने तिचं वय दोन वर्षांनी वाढवून लिहिलं. वय बरोबर असेल तर ती चौथी नोंद आहे, जी मला अजून मिळालेली नाही. १९०० आणि १९०१ च्या पुस्तकांसाठी गेल्या आठवड्यात पुन्हा अर्ज दिला आहे.